अल्फाविल : १९८४ च्या पुढचं पण ऐका

तुमचा प्रश्न असा की ‘बिग इन जपान’ आणि ‘फॉरेव्हर यंग’ सोडून अल्फाविल या जर्मन सिंथ-पॉप (म्हणजे सिंथेसायझरवर उभ्या पॉप) बँडचं काही ऐकण्यासारखं आहे का, आणि १९८४ नंतर हे लोक एकदम गायब कसे झाले. पहिल्याचं उत्तर सरळ आहे, हो, भरपूर आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, कारण या बँडचं सगळं उलट्या क्रमाने झालंय. एरवी पोरं आधी क्लबमध्ये, कॉलेजात वाजवतात, हात बसतो, मग रेकॉर्ड निघते आणि नशीब असेल तर नाव होतं. यांचं आधी नाव झालं आणि पहिली लाइव्ह कॉन्सर्ट झाली ती थेट १९९३ साली. हे लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं नीट उलगडतं.

म्युन्स्टर हे पश्चिम जर्मनीतलं विद्यापीठाचं शहर. तिथे १९८२ च्या सुमारास मरियन गोल्ड, बर्नहार्ड लॉइड आणि फ्रँक मेर्टेन्स एकत्र आले, तिन्ही नावं स्टेजसाठी घेतलेली, मरियनचं खरं नाव हार्टविग शिअरबाउम. बँडचं आधीचं नाव फॉरेव्हर यंग होतं, नंतर फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या त्याच नावाच्या १९६५ च्या सिनेमावरून अल्फाविल केलं. तिघांपैकी एकही मुरलेला वादक नव्हता, आणि सिंथ-पॉप त्यांना जमलं ते याच्यामुळेच असं माझं ठाम मत आहे. सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे भरलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात, सूर एकेक करून भरता येतात, बोटं सरसर फिरायची गरज नाही, चुकलं तर पुसा आणि परत भरा. म्हणून त्यांच्या जुन्या गाण्यांत उगाच वाजवलेलं काही सापडत नाही, प्रत्येक ओळ विचार करून ठेवलेली असते आणि मधे मोकळी जागा असते, ज्यात मरियनचा आवाज खालच्या जाड सुरापासून वर फॉल्सेटोपर्यंत, म्हणजे पुरुषाच्या त्या बारीक उंच आवाजापर्यंत, आरामात फिरतो.

‘बिग इन जपान’ जानेवारी १९८४ ला आलं. जर्मनी, स्वित्झर्लंड, स्वीडनमध्ये नंबर एक, ब्रिटनमध्ये आठवा, अमेरिकेतल्या डान्स चार्टवरही नंबर एक. लोकांना वाटतं जपानबद्दलचं मजेशीर गाणं आहे, सुरुवातीची ती पूर्वेकडची वाटणारी धून ऐकून तसं वाटणारच. पण मरियन सत्तरच्या दशकाच्या शेवटी पश्चिम बर्लिनमध्ये राहिलेला, आणि गाणं आहे हेरॉइन सोडायला धडपडणाऱ्या एका जोडप्याचं, जे तिथल्या झू या रेल्वे स्टेशनच्या आसपास भटकताना नशेशिवायचं आयुष्य कसं असेल याची कल्पना करतायत. इथे आपण कोणीच नाही, पण कुठेतरी लांब आपण मोठे आहोत, असा तो जपान. हे कळल्यावर परत ऐका, फॉल्सेटो लागतो तिथे काटा येतो.

मग कंपनीला लगेच अजून एक हिट पाहिजे होतं, म्हणून ‘साउंड्स लाइक अ मेलडी’ दोनेक दिवसांत उभं केलं. बँडला ते मागणीनुसार बनवल्यासारखं वाटायचं आणि त्यांनी ते पुढे कितीतरी वर्षं बाजूलाच ठेवलं, जे मला कधीच पटलं नाही, कारण त्यातला शेवटचा भाग, गाणं संपलं असं वाटत असताना व्हायोलिन्स वर चढत जातात तो, त्या पूर्ण दशकातल्या सुंदर जागांपैकी एक आहे.

‘फॉरेव्हर यंग’बद्दल एवढंच सांगतो की ते लग्नात आणि फेअरवेलला वाजतं पण ते भीतीचं गाणं आहे. नोव्हेंबर १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेने अमेरिकेची पर्शिंग २ क्षेपणास्त्रं आपल्या जमिनीवर ठेवायला मंजुरी दिली, त्याआधी तेव्हाच्या राजधानीत, बॉनमध्ये, लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, आणि युद्ध झालंच तर पहिला बॉम्ब आपल्यावर, हे तिथल्या तरुण पोरांना स्पष्ट दिसत होतं. कायम तरुण राहायची इच्छा तिथून येते, म्हातारं होण्याइतकी वर्षं मिळतील की नाही याचीच खात्री नव्हती. गंमत म्हणजे तेव्हा अमेरिकेत हे सिंगल फारसं चाललंच नाही, १९८८ ला परत काढलं तरी ६५ च्या वर गेलं नाही. ते पसरलं ते हळूहळू, शाळाकॉलेजांच्या निरोप समारंभांतून, आणि २००९ मध्ये अमेरिकन रॅपर जे-झीने ते घेऊन आपलं गाणं केलं तेव्हा एक नवी पिढी त्याच्याकडे आली.

त्या यशाची किंमत लगेच मोजावी लागली. मेर्टेन्सला ती प्रसिद्धी सहन होईना, १९८४ संपता संपता तो सोडून गेला, आणि रिकी एकोलेट आला. १९८६ चा ‘आफ्टरनून्स इन युटोपिया’ मोठ्या खर्चाचा, पाहुणे वादकांनी भरलेला अल्बम, ‘डान्स विथ मी’ त्यातलंच. चांगला आहे, पण थोडा गर्दीचा.

माझा खरा आग्रह पुढच्यासाठी आहे, १९८९ चा ‘द ब्रेथटेकिंग ब्लू’. निर्माता कोण, तर क्लाउस शुल्झ, टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या पहिल्या अल्बमवर ड्रम वाजवणारा आणि नंतर तासतासभर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रचनांसाठी ओळखला जाणारा माणूस. हिट बनवायला असा माणूस कोणी बोलावत नाही. अल्बम शांत आहे, जॅझकडे झुकतो, ‘समर रेन’ आणि ‘मिस्टरीज ऑफ लव्ह’ ऐकलंत तर १९८४ चाच बँड आहे यावर विश्वास बसणार नाही. आणि साधे व्हिडिओ काढण्याऐवजी त्यांनी वेगवेगळ्या दिग्दर्शकांना गाणी देऊन ‘साँगलाइन्स’ नावाची फिल्म केली. तिच्यात लाउएनस्टाइन भावांची ‘बॅलन्स’ आहे, ज्या ॲनिमेशनपटाला १९९० मध्ये ऑस्कर मिळालं. हवेत तरंगणारी एक फळी, तिच्यावर सारखेच दिसणारे पाच जण आणि एक पेटी, एक हलला की बाकीच्यांनी हलायचं नाहीतर सगळेच खाली. पेटी प्रत्येकालाच हवी असते. शेवट सांगत नाही, बघाच.

विक्री अर्थातच आधीसारखी झाली नाही, आणि जगाला वाटलं बँड संपला. त्यात लाइव्ह वाजवत नसल्यामुळे चार्टवर नसलात की कुठेच नसता, हे यांच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं. पहिली कॉन्सर्ट १९९३ ला झाली तीही बैरूतमध्ये, यादवी युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेल्या शहरात. मरियन तेव्हा चाळिशीला टेकलेला. आणि तिथून हा माणूस स्टेजचा झाला, इतका की पुढची तीस वर्षं बँड त्याच्यावरच उभा आहे. स्टुडिओवाले दोघं एकेक करून गेले, आधी एकोलेट, मग २००३ मध्ये लॉइड. मधल्या ‘प्रॉस्टिट्यूट’ (१९९४) आणि ‘सॅल्व्हेशन’ (१९९७) पैकी दुसरा आधी ऐका, तो परत मूळ सिंथच्या आवाजाकडे येतो. २०१० चा ‘कॅचिंग रेज ऑन जायंट’ पण चुकवू नका.

२०२२ मध्ये त्यांनी बाबेल्सबर्गच्या फिल्म ऑर्केस्ट्राबरोबर जुनी गाणी नव्याने केली. पॉप बँडचे ऑर्केस्ट्रा अल्बम मला सहसा आवडत नाहीत, सगळंच फुगवलेलं वाटतं, पण इथे ‘साउंड्स लाइक अ मेलडी’ला तिचं खरं घर मिळालंय, आणि सत्तरीकडे आलेला मरियन ‘फॉरेव्हर यंग’ गातो तेव्हा ते वेगळंच गाणं होतं.

तर सुरुवात पहिल्या अल्बमपासून करा (त्याचंही नाव ‘फॉरेव्हर यंग’च) पण हिट्स वगळून, ‘अ व्हिक्टरी ऑफ लव्ह’ आणि ‘समर इन बर्लिन’ घ्या. मग थेट ‘ब्रेथटेकिंग ब्लू’, रात्री, हेडफोनवर, आणि शफल बंद ठेवा.