पहिली सामाजिक नृत्यरचना बसवताना

सामाजिक अन्यायावर पहिलीच नृत्यरचना बसवण्याचा आपला उत्साह रास्तच आहे. मात्र सुरुवातीला ‘अन्याय’ हा अख्खा विषय हाती न घेता एकाच माणसाचा एकच प्रसंग निवडावा. जर्मन नृत्यदिग्दर्शक कुर्ट योस यांनी १९३२ मध्ये ‘द ग्रीन टेबल’ या युद्धविरोधी रचनेत हिरव्या टेबलाभोवती हुज्जत घालणारे मुखवटाधारी मुत्सद्दी दाखवले आणि शेवटी तेच दृश्य पुन्हा आणले. भाषणाची गरजच उरली नाही. हमखास होणाऱ्या चुका दोन:

- दुःख दाखवण्यासाठी चेहरा पिळवटणे. रिकामी थाळी पुढे करताना मध्येच थबकलेला हात अधिक बोलतो.
- ज्यांची व्यथा मांडायची, त्यांनाच तालमीला न बोलावणे. माझ्याकडूनही हे घडले आणि प्रयोगानंतर एका बाईंनी “आम्ही एवढे रडत बसत नाही,” असे सुनावले.

प्रकाशयोजना, वेशभूषा सध्या बाजूला ठेवावी.