जुन्या मोटारी आणि तीन अक्षरी नंबर : वाचकांचे प्रश्न

मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला आणि त्यानंतर नव्या गाड्यांवर एमएच-०१, एमएच-१२ असे नंबर दिसू लागले. त्याआधीच्या गाड्यांवर मुंबई राज्याच्या काळातले ‘बीएम’ने, पुढे महाराष्ट्राचे ‘एमएम’, ‘एमआर’, ‘एमएच’ने आणि गोव्याचे ‘जीडी’ने सुरू होणारे तीन अक्षरी नंबर असत. गोठ्यात किंवा पडवीत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या अशा गाड्यांविषयी येणाऱ्या पत्रांत हल्ली गाडीची विचारपूस कमी आणि नंबराच्या किमतीची जास्त असते. म्हणून त्यांतील काही पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

माझी प्रीमियर पद्मिनी १९८० साली नोंदवलेली आहे. तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होईल का? (पुणे)

नाही. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०३० साली पुन्हा लिहावे.

पंधरा वर्षे उलटलेली गाडी भंगारातच द्यावी लागते, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का? (नाशिक)

महाराष्ट्रात खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांनी संपते, गाडीचे आयुष्य नव्हे. तपासणी करून घेऊन आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. शेजाऱ्यांनी दिल्ली परिसरातले निर्बंध ऐकलेले दिसतात.

आजोबांची १९६४ ची फियाट ११०० वाड्याच्या पडवीत पंचवीस वर्षे उभी आहे. एक गृहस्थ म्हणतात, “गाडी राहू द्या, फक्त आरसी बुक आणि नंबर द्या, लाखभर देतो.” इंग्लंडमध्ये नंबर कोट्यवधींना विकले जातात, असा व्हिडिओही त्यांनी दाखवला. सौदा करावा का? (सातारा)

करू नये. या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देतो, कारण असेच पत्र मला वारंवार येते.

व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही, पण ती आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये नंबर गाडीपासून कायदेशीरपणे वेगळा काढून विकता येतो. ‘२५ ओ’ हा नंबर तेथे २०१४ साली शुल्कांसह सुमारे ५ लाख १८ हजार पौंडांना गेला. आपल्याकडे ‘०००१’सारख्या पसंतीच्या नंबरासाठी लोक लाखो रुपये मोजतात, हेही खरे आहे, पण ते चालू मालिकेतल्या नंबरासाठी शासनाकडे भरायचे शुल्क असते. आजोबांच्या फियाटचा नंबर ही खासगी बाजारात सुटी विकता येण्यासारखी वस्तू नाही. तो नंबर एका विशिष्ट चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या मूळ चौकटीला, दिलेला आहे आणि ती चेसिस पडवीत उभी आहे.

मग हे गृहस्थ लाखभर रुपये कशाचे देत आहेत? अशा व्यवहारात बहुतेक वेळा काय घडते, ते सांगतो. कागद हाती आले की दुसरी एखादी गाडी शोधली जाते, जिचे कागद हरवलेले असतात किंवा जी चोरीची असते. तिचा चेसिस नंबर घासून काढून त्या जागी आपल्या आजोबांच्या गाडीचा नंबर ठोकला जातो आणि ‘मूळ कागदांसह, एकाच घराण्याची गाडी’ म्हणून ती कोणातरी हौशी माणसाच्या गळ्यात मारली जाते. पडवीतली खरी फियाट मात्र त्या दिवसापासून बेवारस लोखंड होते, आणि चौकशी आलीच तर आरसी बुकावर नाव आपल्या आजोबांचे असते.

ही लबाडी पचते, हा समजही चुकीचा आहे. नंबर ठोकताना पत्र्याखालचा धातूही दाबला जातो. वरचा थर घासला तरी आत तो दाब शिल्लक राहतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावले की पुष्कळदा मूळ अंक पुन्हा उमटतात. प्रयोगशाळेपर्यंत न जाताही जाणकार माणसाला नंबराच्या पट्टीचे नवे रिव्हेट, तेवढ्याच जागी जाड बसलेला रंग किंवा उंचीला कमीजास्त अंक पाहून शंका येते. इंजिनाचा नंबर जुळत नाही, एवढ्यावरून मात्र कोणावर आरोप करू नये. पेट्रोल महाग झाले आणि सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा कितीतरी परदेशी गाड्यांत ॲम्बॅसडरचे किंवा डिझेल इंजिन बसवले गेले. त्याची नोंद आरसी बुकात असेल तर तो गाडीचा इतिहास आहे आणि नसेल तर आपली अडचण आहे.

जुन्या नंबराला किंमत आहे, पण ती गाडीसकट. पहिल्या दिवसापासूनचा तोच नंबर, सर्व मालकांच्या नोंदी असलेले आरसी बुक आणि जुळणारी चेसिस या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर मोडक्या फियाटचेही मोल वाढते. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची व्हिंटेज नोंदणी होते. नव्याने नोंदणी करण्यास २० हजार रुपये लागतात, ती दहा वर्षे चालते आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नवा नंबर मिळतो. पूर्वीच नोंदलेल्या गाडीला मात्र तिचा जुना नंबर ठेवता येतो. अट एवढीच, की चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून रोज कचेरीत जाता येत नाही.

आपण प्रथम चेसिस नंबराचा पेन्सिलने छाप घ्यावा, तो आरसी बुकाशी ताडून पाहावा आणि दोन्ही घेऊन परिवहन कार्यालयात जावे. आरसी बुकाची छायाप्रत त्या गृहस्थांना मोबाइलवरसुद्धा पाठवू नये.

वडील २००९ साली वारले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. आता विकायची आहे. (कोल्हापूर)

मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा, असा नियम आहे. आपण किती वर्षे दवडली, याचा हिशेब आपणच करावा. प्रथम वारसांची संमती लेखी घ्यावी. इतका जुना दस्तऐवज संगणकावर नसण्याची शक्यता आहे, त्यामुळे आधी त्याची बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागेल. भावंडांत मतभेद असतील तर एजंटाकडे न जाता वकिलाकडे जावे. ‘सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर’ गाडी विकण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर त्याला परत घरात घेऊ नये.

सोसायटीच्या आवारात आठ वर्षे एक बेवारस स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. मालकाचा पत्ता नाही. मी ती दुरुस्त करून वापरू का? (ठाणे)

नाही. मालक सापडत नाही याचा अर्थ मालक नाही, असा होत नाही. सार्वजनिक जागी दहा तास सोडून दिलेले वाहन पोलिसांना हलवता येते, पण सोसायटीचे आवार ही खासगी जागा आहे. सोसायटीने पोलीस ठाण्यात लेखी कळवावे आणि परिवहन कार्यालयाकडून नोंदणीकृत मालकाचा पत्ता मागावा. तोवर गाडीचा एक दिवासुद्धा काढू नये.

गोव्यातल्या मामांची १९५९ ची ओपेल ‘जीडी’ नंबरासह पुण्याला आणायची आहे. नंबर राहील ना? (मडगाव)

सर्वसाधारण नियमानुसार बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तेथील नवा नंबर घ्यावा लागतो आणि जुना जातो. पोर्तुगीज काळात आयात झालेल्या गाडीच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे. म्हणून व्हिंटेज नोंदणी गोव्यातच आधी करावी का, हे दोन्ही परिवहन कार्यालयांना लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गाडी हलवू नये.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) लागते म्हणतात. वडिलांनी हाताने रंगवून घेतलेल्या पाटीचे काय करू? मुंबईतला एक विक्रेता ती मागतो आहे. (डोंबिवली)

नियमाप्रमाणे नवी पाटी बसवावी; गाडीची व्हिंटेज नोंदणी असेल तर तिला कोणती पाटी लागेल, हे कार्यालयात विचारून घ्यावे. रंगवलेली पाटी घरात भिंतीवर लावावी. विकू मात्र नये, कारण ती पुढे कोणाच्या गाडीवर जाऊन बसेल, हे आपल्याला कळणार नाही.