सेन्सर बसवला, तरी बोट का गेलं?
कामाच्या जागी सुरक्षितता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. पत्रा कापायच्या, वाकवायच्या ३० ते ५० टनांच्या चार मेकॅनिकल प्रेस आहेत. ग्राहक कंपनीच्या ऑडिटनंतर एका प्रेसवर सेन्सर बसवला (किरणांच्या आड हात आला की प्रेस थांबवायचा इशारा देणारा), पायाचं पॅडल काढून दोन हातांनी दाबायची बटणं दिली. तरीही त्याच प्रेसवर ऑपरेटरच्या बोटाचं पेर गेलं. सेन्सर तपासून घेतला, तो ठीक आहे. ऑपरेटरचं लक्ष नव्हतं, असं सगळ्यांचं म्हणणं. आता काय करावं?

उत्तर : आधी ते म्हणणं बाजूला ठेवा. एका शिफ्टमध्ये हजारो वेळा तीच हालचाल करणाऱ्या माणसाचं लक्ष कधी ना कधी ढळणारच. ते ढळलं तरी बोट शाबूत राहील अशी प्रेस हवी, आणि ती जबाबदारी मालकाची.

प्रेसचा क्लच, म्हणजे फिरत्या फ्लायव्हीलची (जड चाकाची) गती रॅमला जोडणारा भाग, कोणता आहे ते पाहा. रॅम म्हणजे वर-खाली होणारा ठोकळा, डाय म्हणजे जॉबला आकार देणारा साचा. जॉब (कापायचा-वाकवायचा तुकडा) न लावता, हात डायपासून लांब ठेवून स्ट्रोक (रॅमचा एक फेरा) मारा आणि रॅम खाली येत असताना सेन्सरच्या पट्ट्यात लांब काठी धरा. रॅम जागच्या जागी थांबला, तर क्लच घर्षणाचा, बहुधा न्यूमॅटिक. स्ट्रोक पुरा करूनच थांबला, तर की-क्लच. जुन्या सी-फ्रेम प्रेसमध्ये बहुतेक वेळा हाच असतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्या प्रेसचाही हाच असावा.

की-क्लचमध्ये की (धातूची खुंटी) एकदा फ्लायव्हीलमध्ये गुंतली की पूर्ण फेरा होईपर्यंत सुटत नाही. सेन्सरनं कितीही ओरडून सांगितलं तरी रॅम खाली येणारच. म्हणून अशा प्रेसवर सेन्सर म्हणजे फसवा दिलासा. तो नसला तर ऑपरेटर निदान बिचकून हात घालतो. असला की बिनधास्त घालतो. दोन बटणांचंही तेच. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या प्रेसमध्ये रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो. हाताचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात, म्हणजे तेवढ्या वेळात हात ८०० मिलिमीटर जातो. बटणं डायपासून ३००-४०० मिलिमीटरवर असतील, तर बटण सोडून तिरका बसलेला जॉब सरळ करायला हात सहज पोचतो. शिवाय बटण दाबल्यावर की गुंतेपर्यंत थोडा वेळ जातो, तो वेगळाच.

याहून वाईट म्हणजे डबल स्ट्रोक. कीची स्प्रिंग मऊ पडली किंवा तुटली, की अडवून धरणाऱ्या लॅचची धार झिजली, ब्रेकच्या लायनिंगवर ऑइल गेलं, तर रॅम कोणी काही न दाबता पुन्हा खाली येतो. त्या क्षणी ऑपरेटरचा हात जॉब काढायला डायमध्येच असतो. याची चाहूल आधी लागते. शिफ्टच्या सुरुवातीला चार-पाच रिकामे स्ट्रोक मारा आणि क्रँक (रॅमला वर-खाली करणारा दांडा) कुठे थांबतो ते पाहा. अगदी वरच्या टोकाला न थांबता पुढे सरकत असेल, किंवा थांबताना ठोका ऐकू येत असेल, तर ती प्रेस त्या दिवशी चालवू नका.

मग करायचं काय? डायलाच बंदिस्त गार्ड करा. पट्टी किंवा पत्रा सरकवायला समोर फट ठेवा, पण ती ६ मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे बोट आत जात नाही. गार्ड डायलाच बोल्टनं बसवलेला असला की डाय बदलली तरी गार्ड तिच्यासोबत जातो, सेटरला (डाय बसवणाऱ्याला) गार्ड काढून ठेवायचं निमित्त उरत नाही. वाकवलेला जॉब हातानंच ठेवावा लागत असेल, तर इंटरलॉक गार्ड लागेल : जाळी बंद झाल्याशिवाय क्लच गुंतत नाही आणि स्ट्रोक संपेपर्यंत जाळी उघडत नाही. चुंबकाची पकड किंवा चिमटा द्याच, पण गार्डच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे.

न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसवर सेन्सर जरूर बसवा, मात्र डायपासूनचं अंतर मोजून. थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर १६०० गुणिले ०.२, म्हणजे ३२० मिलिमीटर, आणि सेन्सरच्या किरणांमधल्या अंतरानुसार त्यात थोडी भर. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. ‘हात लांब पडतो’ म्हणून सेन्सरचं ब्रॅकेट डायजवळ सरकवलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं, तसं होऊ देऊ नका. बाजू आणि मागची बाजूही जाळीनं बंद करा. हेल्परचा हात तिकडूनच आत जातो.

डाय सेटिंगच्या वेळी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, किल्ली सेटरच्या खिशात ठेवा. स्विच बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्यावर रॅमखाली ठोकळा ठेवा आणि मगच हात घाला. आणि एक मनापासून सांगतो, उत्पादनाचं टार्गेट गार्ड लावून मोजा. गार्ड काढून मोजलेलं टार्गेट दिलंत, तर कामगार तो काढणारच.

कधी बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठतात आणि जोडायचं राहून जातं.

प्रश्न : वाघोलीतल्या आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली आहे. एक जण आत उतरून साफ करायला तयार आहे. तोंडाला कापड बांधून उतरला तर चालेल का?

उत्तर : नाही. कोणीही उतरणार नाही. सेप्टिक टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याचं प्रमाण कमी असताना कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कापड किंवा साधा मास्क वायू अडवत नाही. पेटती काडी सोडून हवा तपासणं तर आगीशी खेळ आहे, कारण आत मिथेनही असतो.

सक्शन टँकर बोलवा. गाळ घट्ट असेल तर आधी वरून पाण्याचा जेट मारून तो सैल करायला सांगा. टाकीचं झाकण उघडं असेपर्यंत लहान मुलं आणि विडी-सिगारेट लांब ठेवा. सोसायटीत एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) असेल, तर पंप साखळीनं वर ओढून घेता येईल असा बसवून घ्या, म्हणजे दुरुस्तीसाठी आत जायची पाळीच येत नाही.

प्रश्न : चाकणमध्ये ठेकेदाराकडे कामाला लागून दीड महिना झाला. ईएसआय (कामगार राज्य विमा) तीन महिन्यांनी चालू करू म्हणतात. मध्येच लागलं तर?

उत्तर : तीन महिन्यांचा असा काही नियम नाही. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कारखान्याला ईएसआय लागू असेल, तर पहिल्या दिवसापासून तुम्ही त्यात येता. कामावर इजा झाल्यास किती महिने वर्गणी भरली हे बघितलं जात नाही. रजेच्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालकाचे ३.२५ टक्के. ठेकेदार भरत नसेल तर वर्गणीची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते, म्हणून लेखी विचारणा कंपनीच्या एचआरकडेही करा. विमा क्रमांक आजच मागा. अपघातानंतर नोंदणी करायला गेलं की दावा अडतो. क्रमांक मिळाला की चिंचवडचं मोहननगर किंवा बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय, जे तुम्हाला जवळ पडेल, त्याचा पत्ता घरच्यांकडेही देऊन ठेवा.