नेटफ्लिक्सवरची 'फ्रॉइड' सिरीज कितपत खरी आहे? ती बघून मनोविश्लेषण समजेल का?

थोडक्यात सांगायचं तर शहर खरं, बरीच माणसं खरी, गोष्ट मात्र जवळपास पूर्ण रचलेली. मनोविश्लेषण, म्हणजे पेशंटला बोलतं करून मनात दडलेलं शोधायची फ्रॉइड या डॉक्टरची उपचारपद्धत, ती समजावी म्हणून बघणार असाल तर नका बघू, थ्रिलर म्हणून बघा, मग आवडेल.

मी ती मार्च २०२० मध्ये आली तेव्हाच पाहिली, लॉकडाऊन नुकताच लागला होता, आठच भाग आहेत, दोन रात्रीत संपले. १८८६ चं व्हिएन्ना, तिशीतला फ्रॉइड, खून, प्लँचेट, अंगात येणारी फ्लर सालोमे नावाची तरुण बाई, हंगेरीचे सरदार लोक आणि थेट राजघराण्यापर्यंत पोचणारा कट. यातलं खून, कट, फ्लर यापैकी काहीही फ्रॉइडच्या आयुष्यात नव्हतं.

कोकेनचं मात्र खरं आहे. १८८४ मध्ये त्याने कोकेनची तारीफ करणारा लेख लिहिला, स्वतः घ्यायचा, होणाऱ्या बायकोला मार्थालाही पाठवायचा, आणि फ्लाइश्ल नावाच्या मित्राचं मॉर्फिन सुटावं म्हणून त्याला कोकेन सुचवलं तर तो कोकेनच्याही आहारी गेला. सिरीजमध्ये हे सगळं फक्त वातावरणापुरतं येतं ते मला खटकलं, त्या मित्राचे हाल वाचले की अंगावर काटा येतो.

संमोहनाचं अर्धं खरं. पॅरिसला शार्को या मज्जाविकारांच्या डॉक्टरकडे काही महिने राहून तो १८८६ मध्ये परत आला, एप्रिलमध्ये दवाखाना उघडला, सप्टेंबरमध्ये लग्न केलं, ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांच्या सभेत पुरुषांनाही हिस्टेरिया (शरीरात कारण सापडत नाही पण लक्षणं दिसतात असा, तेव्हा बायकांचा मानला जाणारा आजार) होतो यावर बोलला आणि तिथे त्याचं थंड स्वागत झालं. पण तेव्हा पेशंटवर तो मुख्यतः विजेचे उपचार करायचा, संमोहनाकडे जोरात वळला तो १८८७ च्या शेवटी. आणि 'मनोविश्लेषण' हा शब्द त्याने वापरला १८९६ मध्ये, म्हणजे सिरीजमधला काळ त्याच्या दहा वर्षं आधीचा.

आता माझी खरी तक्रार. सिरीजमध्ये फ्रॉइड डोळ्यात डोळे घालून माणसाला झोपवतो आणि आतलं गुपित खेचून काढतो, म्हणजे सगळी ताकद डॉक्टरच्या हातात. खऱ्या इतिहासात मनोविश्लेषणाचा रस्ता दाखवला तो पेशंट बायकांनी. ब्रॉयर हा फ्रॉइडचा वडीलधारा डॉक्टर मित्र, त्याच्याकडे १८८० ते ८२ मध्ये बर्था पापेनहाइम नावाची विशी ओलांडलेली मुलगी होती, या दोघांनी हिस्टेरियावर लिहिलेल्या पुस्तकात तिचं नाव ॲना ओ. असं बदललंय. आजारी वडिलांची सेवा करता करता ती स्वतःच कोलमडली, मधे काही काळ मातृभाषा जर्मन असून तिला फक्त इंग्लिशच बोलता यायचं. एकदा भर उन्हाळ्यात तिला ग्लासातून पाणी पिताच येईना, तहानेने जीव कासावीस पण ग्लास ओठाला लागला की ढकलून द्यायची. मग संमोहनात तिला आठवलं की घरातल्या एका बाईचा कुत्रा ग्लासातून पाणी पीत होता आणि सभ्यता म्हणून ती तेव्हा गप्प राहिली होती. दाबलेली किळस आणि राग सगळा बोलून टाकला, पाणी मागितलं आणि प्यायली. याला 'बोलून बरं होणं' हे नाव तिनेच दिलं. ती पुढे पूर्ण बरी झाली असं मात्र नाही, नंतरही तिला सॅनिटोरियममध्ये ठेवावं लागलं, पण मग हीच बाई ज्यू स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झटली.

आणि १८८९ च्या सुमारास एमी फॉन एन. या नावाने नोंदलेल्या पेशंटने फ्रॉइडला चक्क सुनावलं की सारखं हे कुठून आलं ते कुठून आलं विचारू नका, मला काय सांगायचंय ते सांगू द्या. आणि त्याने ऐकलं! मी हे वाचून पुस्तक मिटून बसलो होतो थोडा वेळ. १८८९ मधल्या डॉक्टरने बाईमाणसाचं बोलणं न तोडता ऐकून घेणं ही काय साधी गोष्ट आहे? माझ्यासाठी खरा ड्रामा हा आहे, आणि त्याला रक्त किंवा मेणबत्त्या लागत नाहीत.

तर त्याच्या आयुष्याच्या जवळ जाणारं काही हवं असेल तर बीबीसीची १९८४ ची सहा भागांची 'फ्रॉइड' शोधा, डेव्हिड सुशे आहे त्यात. नेटफ्लिक्सवालीच बघायची असेल तर जर्मन आवाज ठेवून सबटायटल्स लावा, आणि घरात लहान मुलं जागी असताना नको.