कॅडमियमविना पातळ थरांचा सौरघट

प्रश्न : तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांच्यापासून केलेल्या ‘सीआयजीएस’ सौरघटात कॅडमियम सल्फाइडचाही थर असतो, असे वाचले. कॅडमियम तर विषारी आहे. त्याच्याविना हे घट करता येत नाहीत का?

उत्तर : करता येतात. जपानच्या सोलर फ्रंटिअर कंपनीने २०१९ मध्ये अशा घटाची २३.३५ टक्के कार्यक्षमता जाहीर केली. तो त्या काळचा विक्रम होता आणि त्या घटात कॅडमियम नव्हते. त्याऐवजी जस्ताच्या संयुगांचे दोन थर होते.

तरीही कॅडमियम सल्फाइड इतकी वर्षे टिकून राहिले, याला सबळ कारण आहे. प्रकाश शोषणारा थर आणि वरचा पारदर्शक झिंक ऑक्साइडचा थर यांच्यामध्ये ते जेमतेम ५० नॅनोमीटर जाडीचे असते. शोषक थर कॅडमियमचे क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांच्या कोमट द्रावणात बुडवला, की त्याचा खडबडीत पृष्ठभाग सलग झाकला जातो, अमोनियामुळे त्यावरील ऑक्साइड धुऊन निघतात आणि थोडे कॅडमियम आत शिरून सांध्याची, म्हणजे दोन थर जिथे भिडतात ती जागाच सुधारते. एका स्नानात इतके सारे साधते.

पर्यायी पदार्थ निवडताना खरी कसोटी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या जुळवण्याची असते. शुद्ध झिंक ऑक्साइडची पातळी शोषकापेक्षा खाली पडते आणि सांध्यापाशी विद्युतभार वाया जातात, तर शुद्ध झिंक सल्फाइडची इतकी वर जाते की इलेक्ट्रॉनांची वाटच अडते; म्हणून ऑक्सिजन व गंधक यांचे प्रमाण साधून दोहोंचे मिश्रण वापरतात. ते जमले की आणखी एक लाभ होतो. कॅडमियम सल्फाइड सुमारे ५२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश स्वतःच गिळते, पण जस्ताचा थर त्यातला बराचसा शोषकापर्यंत पोहोचू देतो. मात्र असे काही घट पूर्ण क्षमतेने चालण्याआधी बराच वेळ प्रकाशात ठेवावे लागतात, आणि उत्पादकाला हे गैरसोयीचे वाटणे स्वाभाविक आहे.

विषारीपणाबद्दलची आपली काळजी रास्त आहे, पण ती छतापेक्षा कारखान्याकडे वळवायला हवी, असे मला वाटते. ५० नॅनोमीटरच्या थरात प्रत्येक चौरस मीटरमागे कॅडमियम भरते सुमारे ०.२ ग्रॅम, आणि तेही काचेआड बंद असते. द्रावणातले बरेचसे कॅडमियम मात्र घटावर न बसता गाळात आणि सांडपाण्यात जाते, आणि ते हाताळणाऱ्या कामगारांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो.