जुन्या फिगरवरील डाग काढताना
बेळगावच्या खडे बाजारातून किंवा एखाद्या संग्राहकाकडून घेतलेल्या जुन्या फिगरवर, म्हणजे संग्रहासाठीच्या प्लास्टिकच्या बाहुलीवर, थिनर अथवा नेलपॉलिश रिमूव्हर चोळू नका. त्यांत बहुधा असणारे ॲसिटोन एबीएस हे कडक प्लास्टिक विरघळवते आणि रंगही उतरवते. आधी कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा. पुष्कळदा डाग म्हणून जे दिसते, तो नुसता मळच असतो.

हाताला चिकटपणा लागत असेल, तर मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधील प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ) पृष्ठभागावर आलेला असतो. तोही साबणाच्या पाण्याने निघतो, मात्र बंद डब्यात आणि उष्णतेत पुन्हा येतो. गडद भागाचा रंग फिकट प्लास्टिकमध्ये मुरला असेल, तर मुरुमांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे बेन्झॉईल पेरॉक्साइडचे जेल आधी फिगरच्या तळपायाखाली लावून पाहा, मग फक्त डागावर लावून फिगर उन्हात ठेवा आणि वरचेवर तपासत राहा, कारण आजूबाजूचे प्लास्टिकही त्याने फिके पडू शकते. रंगवलेल्या डोळ्यांजवळ मी ते कधीच नेत नाही. मॅजिक स्पंज (डाग घासून काढायचा पांढरा फोमचा तुकडा) तर बारीक पॉलिश पेपरच समजा.

बेळगावच्या पावसाळ्यात सांध्यांत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही, म्हणून पंख्याखाली पूर्ण वाळवूनच फिगर कपाटात ठेवा.