लॉक-इन राहू द्या, त्या 7 लाखांचं बोला

पिंपरीच्या एका वाचकाने विचारलंय, वन बीएचकेच्या 11 महिन्यांच्या ॲग्रीमेंटमध्ये 6 महिन्यांचा लॉक-इन आहे (म्हणजे तोवर घर सोडता येत नाही), मध्येच कंपनीने बदली केली तर काय? सोपंय. बदली झाल्यास लॉक-इन लागू नाही, एक महिन्याची नोटीस पुरे, एवढं सहीच्या आधी ड्राफ्टमध्ये टाकून घ्या.

खरा घोळ पत्राच्या शेवटी आहे. 8 लाख हेवी डिपॉझिट, भाडं नाही, पण ॲग्रीमेंटवर दाखवायचे 1 लाख आणि बाकीचे 7 लाख कॅश, का तर एजंट म्हणतो स्टॅम्प ड्युटी फार बसेल. अहो किती बसेल? रिफंडेबल डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, 7 लाखांचे झाले 70 हजार, त्याच्या पाव टक्का म्हणजे 175 रुपये!! एवढ्यासाठी 7 लाखांचा पुरावा सोडताय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा, आणि तिथे तर तुम्हीच 1 लाखावर सही करणार. मुदत संपल्यावर पैसे मिळेपर्यंत घर सोडणार नाही म्हणालात तर त्याच कलमाखाली मालक तुम्हाला बाहेर काढू शकतो.

आता मुळात हे डील बघा. तुम्ही 5 लाखांची एफडी मोडताय आणि 3 लाखांचं पर्सनल लोन काढताय, दोन्हीचं मिळून वर्षाला साधारण 75-80 हजारांचं नुकसान, समोर 15 हजारांप्रमाणे 1 लाख 80 हजार भाडं वाचतं, म्हणून तुम्ही खूश. पण मालकाच्या बाजूने हेच गणित मांडा, तो 8 लाखांसाठी 22 टक्क्यांच्या वर मोजतोय. इतक्या महाग पैशाला कोण हात घालतं? ज्याला बँक उभं करत नाही तो. तुम्हीच लिहिलंय की फ्लॅटवर होम लोन आहे आणि "दोनेक हप्ते थकलेत, पण माणूस चांगला आहे". असेल चांगला. उद्या बँकेने सरफेसीखाली (थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घ्यायचा कायदा) ताबा घेतला तर वसुलीत आधी बँक, तुमच्या डिपॉझिटचं तिला काही देणंघेणं नाही. हे भाड्याचं घर नाहीये, अडचणीतल्या माणसाला बिनतारण दिलेलं कर्ज आहे, तेही त्यातले 3 लाख स्वतः कर्ज काढून.

नेहमीचं डिपॉझिट आणि 15 हजार भाडं, सगळं बँकेतून, ॲग्रीमेंट रजिस्टर्ड, असं दुसरं घर बघा. तुम्ही दिलेले टोकनचे 10 हजार एजंटकडे परत मागून बघा, नाही दिले तर सोडून द्या.